बायको नेणारं वादळ

सावीदुग, २ मार्च १९८९

रेमेहिया,

लेकीकडे तुझी तब्येत ठीक आहे असं मी धरून चालतो. नसती तर हेनारो तांडेल सांगत आला असता. वाईट बातमी त्याच्या पोटात इवाना ते इथवरची खाडीसुद्धा टिकत नाही.

ऑक्टोबरपासून मी सहा पत्रं पाठवली. तुझं उत्तर आलं एक, तेही माझ्याच पत्राच्या पाठीवर: ‘डुकराला रताळ्याचे वेल घाला.’ घालतो आहे. हल्ली तुझ्यापेक्षा डुक्कर मला जास्त उत्तर देतं.

आता कामाचं. आपलं छप्पर गेलं म्हणून समज. आपली लुर्देस दोन वर्षांची होती तेव्हा शाकारलं होतं, त्याला चोवीस वर्षं झाली. तू झोपायचीस त्या बाजूचं गवत कुजून काळं पडलंय. दुपारी तिथून माझ्या बशीत ऊन येतं. परवा उन्हाच्या जागी पाल आली. भिंतींची मला काळजी नाही, त्या दोन हात जाड दगडाच्या आहेत. पण वादळ भिंतीला कुठे विचारतं? ते वरून हात घालतं. जूनमध्ये पहिलं येईल. ते वळून तैवानला जाईल असं तू म्हणशील. सगळीच वळत नाहीत.

गावात मला छळतात. सरकार वादळांना बायकांची नावं देतं, ती आपल्या गावाने कधी वापरली नाहीत. ज्याने जे नेलं ते त्याचं नाव. गाई नेणारं. चर्चची घंटा नेणारं. तीन होड्या आणि मेलेसिओचा सासरा नेणारं. आता ऑक्टोबरच्या त्या वादळालाही नाव पडलंय. आलं नाही, एक पान हललं नाही, तरी त्याला ‘बायको नेणारं’ म्हणतात. रविवारी बाप्तिस्म्याला आलेल्या पोरीला फादरनी विचारलं, बाळ कधीचं? शेजारची ओबदुलिया मधेच म्हणाली, “बायको नेणाऱ्याच्या आधीचं, दोन आठवडे.” फादरनी वहीत तारीख लिहिली. म्हणजे त्यांनाही ठाऊक आहे.

गाईच्या दाव्याचा विषय मी काढणार नाही. एवढंच म्हणतो की माणूस बायकोला मेढीला बांधतो ते काही रागाने नाही. वादळाचा तीन नंबरचा बावटा लागला होता. तुझं वजन ते केवढंसं. मी कमरेला सैल बांधलं होतं आणि मधे पोतं दिलं होतं. गाईला आपण पोतं देत नाही. निरगाठ सुटेना, हा दाव्याचा दोष. नेमकी तेव्हाच ओबदुलिया विळा मागायला आली, हा नशिबाचा.

शाकारणीच्या पाळ्या लावणाऱ्या मेलेसिओला छपराचं सांगितलं, तर म्हणतो, “तुमची पाळी नाही.” चोवीस वर्षांनी पाळी नाही म्हणजे काय? तू त्याला काही बोलली होतीस का? कळव.

प्रुदेन्सिओ

ता. क. हेनारो, पत्र वाचून झालं असेल तर नीट घडी घालून दे. मागच्या वेळी माशाचा वास येत होता असं मला कळलंय.


१९ मार्च

रेमेहिया,

तुझं उत्तर नाही, म्हणून मी स्वतः शंख फुंकला.

मेलेसिओचाच शंख. तो त्याच्या ओसरीवर टांगलेला असतो, मी उतरवून आणला. सकाळी शंख वाजला की घरटी एक माणूस विळा घेऊन इर्जिकीला यायचं, हा गावाचा नेम. मी तीनदा फुंकला. तिसऱ्यांदा दात हलला. आली एकटी ओबदुलिया, डोक्याला काळा रुमाल बांधून.

“कोण गेलं?” तिने विचारलं.

“कोणी नाही. छप्पर शाकारायचंय.”

“मग एवढा रडवा कशाला फुंकलास? मी चूल विझवून आले.”

ती गेली, मग मेलेसिओ आला. शंख घेतला, आतली थुंकी झटकली. “प्रुदेन्सिओदादा,” तो म्हणाला, “आपल्या छपरासाठी शंख फुंकायचा तर आधी दुसऱ्याच्या छपरावर घाम गाळावा लागतो.”

“माझ्या घरून प्रत्येक शाकारणीला माणूस आलंय.”

“आलंय ना. रेमेहियावहिनी यायच्या. पेंढ्या वाहायच्या, रताळी उकडायच्या. ते माणूस आता इवानाला आहे. तिथे जाऊन शंख फुंका.” मग त्याला जरा माझी कीव आली. “तुम्हाला कोणी नावं ठेवत नाही हो. तुमची पाठ आहे ती तशी. कशी आहे आता?”

“कुठली पाठ?” मी म्हणालो.

रेमेहिया, मी बहात्तर वर्षांचा आहे. माझी पाठ आजवर एकदाही दुखली नाही. आणि गेली चोवीस वर्षं तू प्रत्येक शाकारणीला जाऊन सांगत होतीस की प्रुदेन्सिओला पाठीमुळे उठवत नाही. मी त्या दिवशी घरी असायचो हे खरं. आपलं छप्पर तपासत असायचो. सगळं गाव एका घरावर चढलेलं असताना वारा सुटला, तर बाकीच्या घरांकडे कोण बघणार? हा विचार गावात दुसऱ्या कोणाला सुचत नाही, हा काय माझा दोष?

मला मिरवणुकीत संताची पालखी कधी उचलू दिली नाही. मी समजायचो, मान देतात. तेव्हा मी पन्नाशीचाही नव्हतो, पण माणूस विचार करत नाही. ते सगळे दया करत होते.

हे तू मला सांगायला हवं होतंस. फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. नंतर गेलं.

प्रुदेन्सिओ


९ एप्रिल

रेमेहिया,

तुझी ओळ मिळाली: ‘खोटं बोलले, कारण खरं त्याहून लाजिरवाणं होतं.’ तारीख घालत जा. ही ओळ रागात लिहिलीस की राग उतरल्यावर, ते तारखेशिवाय कळत नाही.

काल ओबदुलियाच्या छपराला गेलो. घरातून निघताना तीनदा परत आलो. एकदा चूल विझली का बघायला, एकदा डुक्कर, एकदा नुसताच. शेवटी मेलेसिओच माझ्या दाराशी उभा राहिला आणि मी आत वळलो की खाकरायचा.

पुरुष छपरावर चढले. मला बायकांच्या रांगेत उभं केलं, पेंढ्या पुढे द्यायला. पहिली पेंढी हातात घेतली तर चौघीजणी ओरडल्या, “पाठ, पाठ.” कोणीतरी स्टूल आणलं. कोणीतरी आल्याचा रस आणला. इतकी माणसं काळजी करताहेत म्हणून मी त्यांचं मन राखायला दोनदा कण्हलो. दुसऱ्या कण्हण्याला ओबदुलियाने माझ्या पाठीला डुकराची चरबी चोळायला घेतली, सगळ्यांसमोर. तेव्हा मी ठरवलं की हे पुढे चालवण्यात अर्थ नाही.

जेवणाच्या वेळी उठून सांगितलं. म्हटलं, माझी पाठ कधीच दुखत नव्हती. मी भितो. माझं घर नजरेआड झालं की मला वाटतं वारा सुटेल. म्हणून येत नव्हतो. बायको माझी लाज झाकत होती.

सगळे आपापल्या हातातल्या रताळ्याकडे बघत बसले. मग ओबदुलिया म्हणाली, “बघा. बायको गेली आणि पाठ बरी झाली. आमच्या ह्यांना उगाच गरम पाण्याने शेकत राहिले.”

एवढी माणसं एकदम हसलेली मी फार वर्षांत ऐकली नव्हती. मीही हसलो, पण थोडा उशिरा.

मेलेसिओ म्हणाला, “या मोसमात अजून चार छपरं आहेत. चारही चढा. मग तुमचं.”

“चढू? वर?”

“पाठ बरी आहे म्हणालात ना?”

काल वारा अजिबात नव्हता. दिवसभर घराकडे बघायला विसरलो. संध्याकाळी आठवलं तेव्हा धावत गेलो. घर होतं.

प्रुदेन्सिओ


३ मे

रेमेहिया,

चारही छपरं झाली. तिसऱ्यावर माझा पाय नव्या गवतातून आरपार गेला आणि खाली बसलेल्या त्या घरच्या सासूच्या खांद्यावर टेकला. ती म्हणाली, “वरचा माणूस प्रुदेन्सिओ असेल.” जागा पुन्हा शाकारून दिली.

आपलं छप्पर गुरुवारी, ८ जूनला ठरलं. सगळ्यात शेवटी, आपलं गवत कापून वाळल्यावर. जून म्हणजे काय हे मी मेलेसिओला समजावलं. तो म्हणाला, “वादळाला सांगा, तुमची पाळी नाही.”

आता खरी अडचण. इर्जिकीला येणाऱ्यांना घरधन्याने जेवू घालायचं. तीसेक माणसं. मी सरावासाठी कोनफळ उकडलं आणि केळीच्या गड्ड्याचे वडे केले. डुकराला घातले. डुक्कर आलं, बघून गेलं. त्यात मीठ किती घालायचं आणि ते दगडासारखे न होण्यासाठी काय करायचं ते कळव.

इथवरचं पत्र साधं आहे. पुढचं वेगळं आहे. रताळ्याची खळ लावून पाकीट चिकटवतो आहे. हेनारो, तू ते उघडणार. उघड. फक्त खारं पाणी लागू देऊ नकोस, तिला अक्षर लागलं पाहिजे.

ऑक्टोबरच्या त्या दिवशी रेडिओवर दुपारी बारालाच सांगितलं होतं की वादळ तैवानकडे वळलं. मी आवाज बारीक केला. ओबदुलिया विळा मागायला आली ती चार वाजता. गाठ सुटत नव्हती हे खोटं आहे. मी ती सोडवायला घेतलीच नव्हती. वळलेलं परत वळलं तर, असं माझ्या मनात येत होतं. दर पंधरा मिनिटांनी येत होतं.

आणि एक आहे. ते त्याच्या मागचं.

गाई नेणारं वादळ आलं तेव्हा आपल्या लग्नाला चार महिने झाले होते. दार गेलं, आणि मी एका हाताने मेढ धरली, एका हाताने तुला. तू आजवर सगळ्यांना सांगतेस की माझा हात निसटला. निसटला नाही. मला मेढ दोन्ही हातांनी धरायची होती. तू अंगणाच्या भिंतीवर जाऊन आपटलीस. तुझं मनगट अजून वाकडं आहे, आणि मी त्याच्याकडे बघत रोज जेवलो आहे.

तेव्हापासून वारा सुटला की मला माझ्या हातांचा भरवसा वाटत नाही. दाव्याचा वाटतो.

मिठाचं विसरू नकोस.

प्रुदेन्सिओ


२५ मे

रेमेहिया,

तुझं पत्र मिळालं. हेनारोने देताना डोक्यावरची टोपी काढली, त्यावरून त्याने दोन्ही पत्रं वाचली हे कळलं. होडीतल्या बाकीच्यांनीही वाचली असावीत. एका बाईने, मी तिला ओळखतही नाही, माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाली, “मीठ चवीपुरतं.”

तुझं पत्र मी सहा वेळा वाचलं. तू लिहितेस:

‘हात सोडला हे मला तेव्हाच कळलं. निसटणारा हात आधी घट्ट होतो. तुम्ही पोरसवदा होतात आणि दार हवेत उडत होतं. ते मी तुम्हाला केव्हाच माफ केलं, पण तुम्ही कधी विचारलं नाहीत म्हणून सांगितलं नाही. रेडिओचं मात्र माफ नाही. बारा ते चार. मला लघवीला लागली होती.’

चार तास मी तुला पाणी मात्र आग्रहाने पाजत होतो. ते आता आठवतंय.

मग तू लिहितेस, ‘माणसं उपाशी राहू नयेत म्हणून येते. तुमच्यासाठी नाही. आदल्या दिवशी, बुधवारी येईन, शनिवारच्या होडीने परत. जेवणासाठी डुकराला हात लावू नका.’ बरं. तुझ्या अटी मान्य. माझ्या अटी नाहीत, फक्त सूचना आहेत. होडीत मधोमध बस. बूट काढून बस. मळमळलं तर दूर डोंगराकडे बघ. हेनारोला विचार, तिसरी फळी बदलली का. नको, विचारू नकोस, तो चिडला की वाकडी चालवतो. मीच विचारतो. हेनारो, बदललीस का?

घर झाडून ठेवलंय. तुझ्या बाजूला अजून ऊन येतं, पण आता त्या गुरुवारपर्यंतच.

प्रुदेन्सिओ


शनिवार, १० जून

रेमेहिया,

तू चुलीपाशी आहेस आणि मी ओसरीवर बसून हे लिहितो आहे. आपल्यात वीस पावलं आहेत. तोंडाने सांगायला गेलो तर मी आधी पावसाचं बोलेन, मग डुकराचं, आणि वेळ निघून जाईल.

गुरुवारचं सगळं तू पाहिलंसच. एकतीस माणसं आली. शंख मेलेसिओने फुंकला, तो रडवा नव्हता. मी आढ्यावर होतो. खाली बघितलं तर तू ओल्या हाताने बायकांना ओळीत बसवत होतीस आणि ओबदुलिया तुला काहीतरी सांगून हसत होती. बहुतेक माझ्या पाठीचं. छपरावर दोरांचं जाळं टाकून त्याची टोकं खाली दगडांना बांधली, तेव्हा दिवस मावळायला आला होता. मी वरच बसून राहिलो. मेलेसिओ म्हणाला, “उतरा, घरधनी. आता ते तुमच्याशिवायही राहील.”

तीन दिवसांत तू माझ्याशी सहा वाक्यं बोललीस. त्यातली चार मिठाची होती.

काल दुपारी रेडिओवर सांगितलं, वादळ येतंय. दोन नंबरचा बावटा, खाडी बंद. सगळ्यांनी होड्या वर ओढल्या. हेनारो तुला म्हणाला, “वहिनी, उद्या काही जमत नाही.” तू “बरं” म्हणालीस.

आणि मला आनंद झाला. कळायला लागल्यापासून वादळाचं नाव ऐकून मी मेढीकडे धावलो नाही असं कधी घडलं नव्हतं. काल नाही धावलो. मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. म्हटलं, येऊ दे. कोणाचं काही नेऊ नको, पण ये, आणि आठवडाभर खाडीत रेंगाळ. अशी मेणबत्ती या बेटावर आजवर कोणी लावली नसेल. ते पाप आहे का, हे फादरना विचारायची माझी छाती नाही.

आत्ता छपरावरून उतरलो, दहाच्या बातम्या लावल्या. वादळ वळलं. तैवानकडे गेलं. माझा हात आवाज बारीक करायला गेला होता, रेमेहिया. बटणावर पोचला होता. मग मी आवाज मोठा केला. अगदी शेवटपर्यंत. पण तू भांडी हलवत होतीस, मागे वळली नाहीस. म्हणून लिहितो आहे.

खाडी उघडली. हेनारो तीन वाजता होडी पाण्यात लोटणार. आत्ता साडेदहा झालेत. हे पत्र मी साडेदहालाच तुझ्या हातात देतो आहे, घड्याळ बघून ठेव.

जा असं मी म्हणत नाही. राहा असं म्हणण्याचा मला हक्क नाही, तो चार तासांत संपला. फक्त वादळ येणार नाही, एवढी बातमी द्यायची होती.

प्रुदेन्सिओ


सोमवार, १२ जून

लुर्देस बाळ,

तुझ्या आईचे तिथे राहिलेले कपडे, तिचं इरलं आणि तिच्या हाताला बसलेलं ते छोटं खुरपं हेनारोबरोबर पाठव.

शनिवारी काय झालं ते तुला तो सांगेलच, पण तो वाढवून सांगतो, म्हणून मी लिहितो. तिला एक पत्र दिलं. तिने वाचलं, घड्याळ पाहिलं, म्हणाली, “साडेदहा.” मग पुन्हा भांड्यांना लागली. मला वाटलं, निघायच्या आधी आवरून ठेवते आहे. तीन वाजता हेनारो दाराशी आला आणि म्हणाला, “वहिनी, गाठोडं द्या, मी नेतो.” ती म्हणाली, “गाठोडं नाही. पुढच्या खेपेला कांदे आण. इथे घरात एक कांदा नाही.”

नंतर ओबदुलियाने मला सांगितलं की वादळ वळल्याचं गावाला नऊच्या बातम्यांतच कळलं होतं, तुझ्या आईलाही. ती म्हणे दीड तास माझ्या तोंडून ते निघायची वाट बघत होती. बाळ, मी नऊ वाजता छपरावर कोपरा ठोकत होतो, मला दहालाच कळलं. मेलेसिओ साक्षी आहे. हे मी तुझ्या आईला चारदा सांगितलं. पाचव्यांदा सांगायला गेलो तर म्हणाली, “माहीत आहे. मला इथून तुमचे पाय दिसत होते.”

कपडे जाड कागदात गुंडाळ, मग गोणीत घाल. खुरपं वेगळं ठेव, नाहीतर कपडे फाटतील. होडीत गोणी मधोमध ठेवायला सांग. समुद्र बघूनच पाठव, आणि

ती मागे उभी राहून वाचते आहे. म्हणते, पुरे. म्हणते, सामान कधीही पाठव, घाई नाही. ‘घाई नाही’ हे शब्द तिचेच आहेत. मी दोनदा विचारून मग लिहिले.

तुझा बाप
प्रुदेन्सिओ